१२३४५६७८९ : एक मोठी संख्या कागदावर उलगडताना

नऊ-दहा अंकी संख्येचे अवयव काढायचे म्हटलं की बहुतेक जण दोनने भागतात, तीनने भागतात, सातने भागतात आणि सतरा-एकोणीसपर्यंत पोचेस्तोवर कंटाळून कॅल्क्युलेटर उचलतात. कॅल्क्युलेटर भागाकार पटपट करतो हे खरं, पण कोणता भागाकार करायचा हे तो सांगत नाही. मोठ्या संख्येच्या बाबतीत सगळं अडतं ते तिथेच. काय आधी करायचं आणि कुठे थांबून वाट बदलायची हे कळलं, तर तासभराचं काम दहा मिनिटांत होतं.

उदाहरणाला आपण १२३४५६७८९ घेऊ. बारा कोटी चौतीस लाख छप्पन्न हजार सातशे एकोणनव्वद. पाठ करावी लागत नाही, लिहिताना अंक चुकत नाही, आणि दिसायला इतकी सरळ असूनही तिचे अवयव कोणते हे नुसतं बघून कुणालाच सांगता येत नाही. कागद, पेन आणि ६१ पर्यंतच्या मूळ संख्यांची यादी एवढं जवळ ठेवा: २, ३, ५, ७, ११, १३, १७, १९, २३, २९, ३१, ३७, ४१, ४३, ४७, ५३, ५९, ६१. यापेक्षा मोठी यादी लागणार नाही.

आधी फुकटात मिळतं ते घ्या

शेवटचा अंक ९. म्हणजे २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज १+२+३+…+९ = ४५, तिला ९ ने भाग जातो, म्हणून संख्येलाही जातो. भागून टाका:

१२३४५६७८९ = ९ × १३७१७४२१

उरलेल्या १३७१७४२१ च्या अंकांची बेरीज २६. तिला ३ ने भाग जात नाही, तेव्हा तीनचा हिशोब इथेच मिटला. या संख्येत ३ बरोबर दोनदा आहे.

जाता जाता एक गोष्ट. १ ते ९ हे अंक एकेकदा वापरून कुठलीही नऊ अंकी संख्या बनवा, बेरीज ४५ च राहणार. अशा ३६२८८० संख्या होतात आणि त्यांतली एकही मूळ संख्या नाही. पाचवी-सहावीतल्या मुलांना ‘यातली एक तरी मूळ संख्या शोधून दाखव’ असं सांगून बघा. हुशार मूल अर्ध्या मिनिटात वही मिटतं.

तीन-तीनचे गट : एका वजाबाकीत तीन कसोट्या

७, ११ आणि १३ साठी वेगवेगळे भागाकार करत बसू नका. ७ × ११ × १३ = १००१ हे लक्षात ठेवा. १००१ ला १००० एकने कमी पडतो, म्हणून संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून ते आलटून पालटून अधिक-वजा केले तर जे उरतं, त्याची ७, ११ किंवा १३ ने भागल्यावरची बाकी दिलेल्या संख्येच्या बाकीइतकीच असते.

इथे आपली स्वल्पविरामाची सवय थोडी आडवी येते. आपण १२,३४,५६,७८९ असं लिहितो. कोटी-लाखांचे हे गट या कसोटीला कामाचे नाहीत. आधीचे स्वल्पविराम खोडा आणि १२३ | ४५६ | ७८९ असं नव्याने लिहा.

७८९ − ४५६ + १२३ = ४५६

आता या ४५६ वर काम करा. ७ ने भागल्यावर बाकी १, ११ ने ५, १३ ने १. तिन्ही बाद. ७ आणि १३ या दोघांनीही बाकी १ च दिली हे खूण करून ठेवा. त्यामागे कारण आहे, ते पुढे येईल.

तेच गट नुसते मिळवले तर ३७ ची कसोटी होते, कारण ९९९ = २७ × ३७. १२३ + ४५६ + ७८९ = १३६८. चार अंकी झालं, म्हणून पुन्हा १ + ३६८ = ३६९. ३७ ने भागल्यावर बाकी ३६, म्हणजे ३७ बाद. २७ ने भागल्यावर बाकी १८. ‘९ ने जातो, २७ ने नाही’ हे आपल्याला आधीच कळलं होतं, त्याची इथे उलटतपासणी झाली. दोन-दोनचे गट पाडून अधिक-वजा केलं की १०१ ची कसोटी मिळते: ८९ − ६७ + ४५ − २३ + १ = ४५. तोही बाद.

आता इथे थांबायचं. पुढे १७, १९, २३ असं एकेक करत जाणारा माणूस चुकत नाही, पण त्याला पहिलं यश कुठे मिळणार आहे हे मी आधीच सांगतो: ३६०७ पाशी. तिथे पोचेपर्यंत पाचशे मूळ संख्या मागे टाकाव्या लागतात. कोपऱ्यातली मोळी फोडायला प्रत्येक काटकी मोजण्यासारखंच ते.

जवळच्या वर्गाकडे बघा

सतराव्या शतकातला फ्रेंच गणिती पिएर द फर्मा याची एक रीत आहे. १६४३ च्या सुमारास त्याने २०२७६५१२८१ ही संख्या ४४०२१ × ४६०६१ अशी फोडून दाखवली ती याच रीतीने. आठवीत आपण अ² − ब² = (अ + ब)(अ − ब) हे सूत्र घोकतो. फर्माने ते उलट्या बाजूने वापरलं: दिलेली विषम संख्या दोन वर्गांची वजाबाकी म्हणून लिहिता आली की अवयव आपोआप हाती येतात.

रीत अशी. संख्येचं वर्गमूळ काढा. त्याच्या लगेच वरची पूर्णांक संख्या घ्या, तिचा वर्ग करा, त्यातून आपली संख्या वजा करा. उरलेला फरक स्वतः पूर्ण वर्ग आहे का ते बघा. नसेल तर पुढची संख्या घ्या.

१२३४५६७८९ चं वर्गमूळ ११,१११.११ च्या जवळपास येतं; दशांश चिन्हाआधी पाच वेळा १. अंक मोजूनच लिहा, इथे घसरायला फार सोपं आहे. पाच वेळा १ असलेल्या या पाच अंकी संख्येचा वर्ग:

११,१११² = १२३४५४३२१

आपल्या संख्येपेक्षा तो बरोबर २४६८ ने कमी आहे. हे २४६८ पण जपून ठेवा, मोठं कामाचं आहे.

आता वर जाऊ. गंमत म्हणजे दरवेळी वर्ग करावा लागत नाही. लागोपाठच्या वर्गांतला फरक विषम संख्येने वाढत जातो, तेव्हा नुसत्या बेरजेवर भागतं.

११,११२² − १२३४५६७८९ = १९७५५

यात २२,२२५ मिळवा: ११,११३ साठी फरक ४१९८०

यात २२,२२७ मिळवा: ११,११४ साठी फरक ६४२०७

यात २२,२२९ मिळवा: ११,११५ साठी फरक ८६४३६

यातला कुठला पूर्ण वर्ग आहे हे ठरवायला प्रत्येकाचं वर्गमूळ काढायची गरज नाही. शेवटचे दोन अंक बघा. वर्ग ५ ने संपत असेल तर तो २५ ने संपतो, म्हणून १९७५५ गेला. शून्याने संपणाऱ्या वर्गाला शेवटी दोन शून्यं लागतात, म्हणून ४१९८० गेला. वर्ग कधीच ७ ने संपत नाही, म्हणून ६४२०७ गेला. ८६४३६ मात्र टिकतो: ६ ने संपणाऱ्या वर्गात दशकस्थानी विषम अंक लागतो आणि इथे ३ आहे. आता एकदाच वर्गमूळ काढा. २९४² = ८६४३६. सुटलं.

१२३४५६७८९ = ११,११५² − २९४² = ११४०९ × १०८२१

चार पायऱ्या, त्यातल्या तीन तर शेवटचे अंक बघूनच निकालात निघाल्या. दोन्ही अवयवांना ३ ने भाग जातो, हे अपेक्षितच होतं. ११४०९ = ३ × ३८०३ आणि १०८२१ = ३ × ३६०७. सुरुवातीला ९ काढून उरलेल्या १३७१७४२१ वर हीच रीत चालवली असती तर दुसऱ्याच पायरीला उत्तर आलं असतं: ३७०५² मधून ती वजा केली की ९६०४ उरतात, आणि ९६०४ म्हणजे ९८ चा वर्ग.

ही रीत कुठे फसते

फर्माची रीत जादूसारखी चालली कारण ३६०७ आणि ३८०३ एकमेकांच्या जवळ आहेत. अवयव लांब असतील तर ती दिवसभर घाम काढते आणि हाती काही देत नाही. आपलीच संख्या उलटी लिहून बघा: ९८७६५४३२१. नऊने भागल्यावर उरतं १०९७३९३६९. तिला १७ ने भाग जातो, पुन्हा एकदा १७ ने जातो, आणि शेवटी ३७९७२१ ही मूळ संख्या उरते. म्हणजे यादीतल्या सातव्या मूळ संख्येपाशीच काम झालं. याच १०९७३९३६९ वर फर्माची रीत चालवलीत तर १ लाख ७९ हजारांवर पायऱ्या चढाव्या लागतील, कारण तिचे एकमेकांना सर्वांत जवळचे दोन अवयव २८९ आणि ३७९७२१ आहेत.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. आधी फुकटच्या कसोट्या, मग साठ-सत्तरपर्यंतच्या मूळ संख्यांनी भागाकार, आणि मग फर्माच्या दहा-वीस पायऱ्या. १२३४५६७८९ च्या बाबतीत मी मधला टप्पा गाळला, कारण वर्गमूळ इतकं देखणं आल्यावर आसपास काहीतरी असणार अशी शंका आली. प्रत्येक संख्या असा इशारा देत नाही.

ही रीत निव्वळ जुनी करमणूक आहे असं समजू नका. इंटरनेटवर माहिती गुप्त ठेवणाऱ्या आरएसए नावाच्या कुलपाची भिस्त दोन मोठ्या मूळ संख्यांच्या गुणाकारावर असते, आणि त्या दोन्ही एकमेकांच्या फार जवळ निवडल्या तर फर्माची रीत ते कुलूप पटकन उघडते. २०२२ साली हानो ब्योक या सुरक्षा संशोधकाने काही ऑफिस प्रिंटरांनी तयार केलेल्या किल्ल्या अशाच फोडून दाखवल्या.

३६०७ आणि ३८०३ खरंच मूळ आहेत का

हे गृहीत धरू नका, तपासा. ३६०७ चं वर्गमूळ ६० च्या किंचित वर आहे, म्हणून ५९ पर्यंतच्या मूळ संख्या पुरतात. ३८०३ साठी ६१ पर्यंत. यादीचा उपयोग आता.

लांबलचक भागाकार मांडण्याऐवजी जवळची पट शोधा. ३६०७ साठी: ७ × ५१५ = ३६०५, बाकी २. १७ × २१२ = ३६०४, बाकी ३. ५३ × ६८ पण ३६०४, पुन्हा बाकी ३. २९ × १२४ आणि ३१ × ११६ दोन्ही ३५९६, बाकी ११. शेवटचा ५९ तर तोंडी: ५९ × ६१ म्हणजे ३६०० ला एक कमी, बाकी ८. उरलेल्या ११, १३, १९, २३, ३७, ४१, ४३, ४७ यांच्या बाक्या अनुक्रमे १०, ६, १६, १९, १८, ४०, ३८, ३५ येतात. शून्य कुठेच नाही.

३८०३ साठी १९ × २०० = ३८०० इथून सुरुवात करा, पुढे सोपं जातं. ६१ × ६२ = ३७८२, बाकी २१. तिथेही शून्य नाही. तर संपूर्ण विघटन असं:

१२३४५६७८९ = ३ × ३ × ३६०७ × ३८०३

विघटन मिळाल्यावर बाकीचं ओघाने येतं

विभाजक किती? प्रत्येक मूळ अवयवाच्या घातांकात एक मिळवून गुणाकार करा. ३ चा घातांक २, इतर दोघांचा १, म्हणून ३ × २ × २ = १२. लिहूनच काढा: १, ३, ९, ३६०७, ३८०३, १०८२१, ११४०९, ३२४६३, ३४२२७, १३७१७४२१, ४११५२२६३ आणि ती स्वतः. पहिला गुणिले शेवटचा, दुसरा गुणिले शेवटून दुसरा, अशा सहा जोड्या लागतात. या सहाही जोड्यांतून वर्गांच्या वजाबाकीची सहा वेगळी रूपं निघतात. फर्माची रीत त्यातली सर्वांत जवळची जोडी आधी देते.

विभाजकांची बेरीज बारा आकडे मांडून करू नका. (१ + ३ + ९) × (१ + ३६०७) × (१ + ३८०३) = १३ × ३६०८ × ३८०४ = १७८४२२८१६. यातून संख्या स्वतः वजा केली की ५४९६६०२७ उरतात. संख्येपेक्षा हे कमी आहेत, म्हणून परिपूर्ण संख्येच्या (जिच्यात ही बेरीज संख्येइतकीच येते) तुलनेत ती न्यून ठरते. विषम संख्या बहुधा न्यूनच असतात. स्वतःपेक्षा मोठी बेरीज देणारी सर्वांत लहान विषम संख्या ९४५ आहे.

आता तिच्याशी सहमूळ संख्या किती, म्हणजे १ पासून तिच्यापर्यंतच्या किती संख्यांशी तिचा मसावि १ आहे? तीनच्या पटी काढल्या की दोन तृतीयांश उरतात, ८२३०४५२६. त्यातून ३६०७ च्या पटी जातात २२८१८, ३८०३ च्या जातात २१६४२, आणि दोन्हींच्या सामाईक अशा ६ दोनदा वजा झाल्या म्हणून परत मिळवायच्या. उत्तर ८२२६००७२. पडताळा म्हणून ६ × ३६०६ × ३८०२ करून बघा, तेच येतं.

दोन वर्गांची बेरीज? नाही. तीन वर्गांची? हो

हा भाग मला सगळ्यांत आवडतो, कारण इथे मघाचे २४६८ कामाला येतात.

एखादी संख्या दोन वर्गांची बेरीज आहे का हे बघायला लोक तिला ४ ने भागतात. बाकी ३ आली तर प्रश्नच मिटतो. आपल्या संख्येची बाकी १ येते, म्हणजे दार उघडं दिसतं. पण नियम अवयवांना लागतो: ४ ने भागल्यावर बाकी ३ देणारी मूळ संख्या विघटनात विषम वेळा आली की काम फिस्कटलं. ३६०७ आणि ३८०३ दोघीही बाकी ३ देतात आणि दोघीही एकेकदाच आल्या आहेत. म्हणून १२३४५६७८९ ही दोन वर्गांची बेरीज कधीच होणार नाही. विघटन माहीत नसतं तर हे ठामपणे सांगता आलं नसतं.

तीन वर्गांसाठी फ्रेंच गणिती लजांद्रचा नियम आहे. जोवर जातो तोवर ४ ने भागत जा. शेवटी उरणाऱ्या संख्येला ८ ने भागल्यावर बाकी ७ आली तरच नकार. आपल्या संख्येची ८ ने बाकी ५, म्हणजे तीन वर्ग नक्की आहेत. नियम ते असल्याचं सांगतो, कोणते हे सांगत नाही. शोधायचे कसे? जवळचा खालचा वर्ग घ्या आणि उरलेले २४६८ दोन वर्गांत बसवा. २४६८ = ४ × ६१७. ६१७ ही मूळ संख्या, ४ ने बाकी १, म्हणजे ती दोन वर्गांची बेरीज असणारच: ३६१ + २५६, अर्थात १९² + १६². चारने गुणल्यावर ३८² + ३२².

१२३४५६७८९ = ११,१११² + ३८² + ३२²

१२३४५४३२१ + १४४४ + १०२४. बेरीज स्वतः करून बघा.

आता अंकांचे खेळ

आतापर्यंतचे गुणधर्म संख्येचे होते. ती रोमन आकड्यांत लिहा नाहीतर संगणकाच्या ०-१ मध्ये (तिथे तिला २७ जागा लागतात), ३६०७ आणि ३८०३ तेच राहतात. पुढचे गुणधर्म दशमान पद्धतीचे आहेत. दोन्हींची सरमिसळ करून ‘चमत्कारी संख्या’ म्हणत फिरणारे संदेश मोबाइलवर येतात, तेव्हा हा फरक ध्यानात ठेवलेला बरा.

संख्येला ८१ ने गुणा. उत्तर ९९९९९९९९०९, म्हणजे हजार कोटीला ९१ कमी. जवळपास सगळी गंमत याच एका ओळीत आहे. ९१ म्हणजे ७ × १३. मघाशी या दोघांनीही बाकी १ दिली होती, तिचं कारण इथून मिळतं. १००१ ला ९१ ने भाग जातो, म्हणून १००० च्या जागी −१ धरा. हजार कोटी म्हणजे १००० तीनदा आणि वर एक १०. त्याच्या जागी −१०, म्हणजेच बाकी ८१. तर ८१ पट संख्या ८१ बाकी देते, आणि ८१ व ९१ सहमूळ असल्याने संख्या स्वतः १ बाकी देते.

संख्येला ९ ने गुणून १० मिळवले की दहा वेळा १ येतो: ११११११११११. आणि ८ ने गुणून ९ मिळवले की ती उलटी होते, ९८७६५४३२१. याचा एक फायदा लगेच घ्या. सुलट आणि उलट या दोघींचा मसावि काढायचा तर भागाकाराच्या रीतीची पहिलीच पायरी सांगते की भागाकार ८, बाकी ९. नवाने सुलट संख्येला पूर्ण भाग जातो. मसावि ९, काम संपलं.

पटीही बघण्यासारख्या आहेत. दुप्पट २४६९१३५७८, चौपट ४९३८२७१५६, पाचपट ६१७२८३९४५, सातपट ८६४१९७५२३, आठपट ९८७६५४३१२. प्रत्येकीत १ ते ९ हे सगळे अंक एकेकदा आहेत. तिप्पट मात्र ३७०३७०३६७ आणि सहापट ७४०७४०७३४. ज्या गुणकाला ३ ने भाग जातो, तिथे मेळ मोडतो.

देवळालीच्या मास्तरांच्या कसोट्या

अंकांच्या खेळाची गोष्ट निघाली आणि दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांचं (१९०५–१९८६) नाव आलं नाही असं होणार नाही. नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर असलेल्या कापरेकरांना जग ६१७४ मुळे ओळखतं. पण त्यांच्या बाकीच्या कल्पनाही आपल्या संख्येला लावून बघता येतात.

जवळचा वर्ग १२३४५४३२१ आला होता ना, त्याला ते डेम्लो संख्या म्हणत. मुंबईजवळच्या डेम्लो म्हणजे आजच्या डोंबिवली स्टेशनवरून त्यांनी ते नाव दिलं.

आपल्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जाणाऱ्या संख्येला ते हर्षद संख्या म्हणत. आपली बेरीज ४५. पाचने भाग जात नसल्याने १२३४५६७८९ हर्षद नाही. पण याच अंकांची शेवटी ५ असलेली कुठलीही मांडणी, उदाहरणार्थ १२३४६७८९५, हर्षदच असते, आणि अशा ४०३२० मांडण्या आहेत.

तिसरी कल्पना देवळाली संख्येची. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवायची आणि नवी संख्या तयार करायची. जी संख्या अशी कुणापासूनच तयार होत नाही ती देवळाली संख्या. १२३४५६७८९ कुणापासून तयार होते का? सगळ्या शक्यता तपासाव्या लागत नाहीत. नवाच्या हिशोबाने जनक संख्येला ९ ने भाग जायलाच हवा, म्हणून ९, १८, २७ असं मागे मागे जा: …७८०, …७७१, …७६२, …७५३. या सगळ्यांच्या अंकांची बेरीज ३६ येते, आणि ८१ पर्यंत मागे गेलात तरी ३६ च येत राहते. म्हणून ३६ मागे असलेली एकच जमते: १२३४५६७५३ + ३६ = १२३४५६७८९. जनक सापडला, तोही एकुलता एक. ती देवळाली संख्या नाही.

आणि ६१७४ ची रीत, म्हणजे अंक उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करायची, ती इथे लावली तर ९८७६५४३२१ − १२३४५६७८९ = ८६४१९७५३२. यात पुन्हा १ ते ९ हे सगळे अंक एकेकदा, त्यामुळे पुढची वजाबाकीही तीच, उत्तरही तेच. चार अंकी संख्येवर (चारही अंक सारखे नसतील तर) ही रीत शेवटी ६१७४ वर येऊन थांबते, तशी १ ते ९ या नऊ अंकांवर ती ८६४१९७५३२ वर थांबते. १ ते ९ अंकांची कुठलीही मांडणी घ्या, एकाच पायरीत इथे येते.

संगणकावर करताना

याहून मोठ्या आकड्यांसाठी स्प्रेडशीट उघडलीत तर एक जपा. एक्सेल १५ अंकांपर्यंतच अचूक असतं. आपल्या संख्येचा वर्ग १५२४१५७८७५०१९०५२१, हा १७ अंकी आहे. एक्सेल शेवटचे दोन अंक गिळून तिथे ०० दाखवतं आणि चूक झाल्याचं सांगतही नाही. पायथॉन या संगणकभाषेत पूर्णांकांना अशी मर्यादा नाही, तेव्हा मोठ्या गुणाकारांना ते वापरा. हाताने केलेल्या गुणाकाराचा पडताळा ९ ने घेण्याची पद्धत आहे, पण शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर ९ ची कसोटी ते पकडत नाही. ११ ची पकडते. मी दोन्ही घेतो.

सरावासाठी तीन संख्या. १२३४५६७ ला फर्माच्या रीतीने हात घालू नका, तीन हजार आठशेवर पायऱ्या लागतील. साध्या भागाकाराने १२७ पाशी सुटते. १२३४५६७८ मध्ये २ आणि दोनदा ३ काढल्यावर नेटाने ४७ पर्यंत जा. तिसरी १२३४५६७८९१. ती मूळ संख्या आहे, आणि हाताने खात्री करायची तर साडेतीन हजारांहून जास्त भागाकार करावे लागतील. तिच्यासाठी सरळ पायथॉन उघडा.